थंड व अंधाऱ्या जागी

औषधाच्या वेष्टनावर सर्वांत बारीक अक्षरांत छापलेली आणि सर्वांत कमी वाचली जाणारी ओळ कोणती, असे कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता ‘थंड व अंधाऱ्या जागी ठेवावे’ या ओळीचे नाव घेईन. मात्रा लोक वाचतात. किंमत तर वाचतातच. अलीकडे मुदत संपण्याचा महिनाही चष्मा कपाळावर चढवून वाचू लागले आहेत. ही ओळ मात्र ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीसारखी झाली आहे. ती असते, एवढेच. बेळगावात तीस वर्षे मी औषधरसायन शिकवले. विद्यार्थी ‘औषधांची साठवण’ या प्रकरणाकडे चार गुणांची टीप म्हणून पाहत आणि परीक्षा संपताच ते विसरून जात. मला मात्र साऱ्या शास्त्रात हाच भाग सर्वांत जिव्हाळ्याचा वाटत आला. औषध शोधून काढणे हे प्रज्ञेचे काम खरे, पण ते टिकवणे हे घर चालवणाऱ्या माणसाचे काम आहे. लोणच्यावर तेलाचा थर कशासाठी, पापडाच्या डब्याला फडके कशासाठी, हे ज्या घरात कळते त्या घराला साठवणीचे निम्मे शास्त्र आपोआपच येत असते.

आज हा विषय काढण्याला निमित्त आहे. गेली काही वर्षे वर्तमानपत्रांतून एक बातमी वरचेवर येते. एकेकाळी बदनाम होऊन कायद्याच्या कुलपात गेलेली मनाला हलवून सोडणारी द्रव्ये पुन्हा वैद्यकाच्या दारात आली आहेत, अशी ती बातमी. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना दुर्धर नैराश्यासाठी सायलोसायबिन वापरण्याची मुभा दिली. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने ही सारी द्रव्ये निषिद्ध आहेत आणि परदेशी प्रयोगांच्या बातम्यांनी त्यात काही फरक पडलेला नाही. तरी कुतूहल असतेच. मी औषधांचा माणूस म्हणून आमच्या मंडळाच्या बैठकीनंतर चहाच्या वेळी मला विचारले जाते, ‘अहो, त्याने खरेच ईश्वरदर्शन होते का?’ कोणी विचारतो, ‘वेड लागते म्हणतात, ते खरे का?’ ही द्रव्ये किती दिवस टिकतात, हे आजवर एकानेही विचारलेले नाही. औषधवाल्याचा पहिला प्रश्न मात्र तोच असतो. ज्या बाटलीवर अमुक इतके द्रव्य आहे असे लिहिले आहे, त्या बाटलीत ते आज खरोखरच आहे का?

यातले एकही द्रव्य मी चाखलेले नाही, चाखण्याची इच्छाही नाही. परंतु त्यांपैकी एकाच्या सख्ख्या बहिणीशी माझ्या घराचा फार जुना आणि फार कडू संबंध आहे. तिच्यापर्यंत येण्याआधी या कुटुंबातील इतर मंडळींची ओळख करून दिली पाहिजे.

‘सायकेडेलिक’ हा शब्द हम्फ्री ऑसमंड या मनोविकारतज्ज्ञाने ग्रीकवरून घडवला आणि १९५७ साली विद्वानांपुढे मांडला. मन प्रकट करणारे, असा त्याचा भावार्थ. एका शब्दाखाली आल्यामुळे ही द्रव्ये आपल्याला एकजात वाटतात. मनावरच्या परिणामात ती एकमेकांच्या जवळची असतीलही, परंतु आयुर्मर्यादेच्या बाबतीत त्यांच्यात मुंगी आणि कासव यांच्याइतके अंतर आहे.

यातले कासव म्हणजे मेस्कॅलिन. मेक्सिको आणि टेक्सास यांच्या सीमेवरील रुक्ष प्रदेशात पेयोट नावाचे बिनकाट्यांचे, बुटके निवडुंग उगवते. त्याचे वाळवलेले शेंडे तेथील आदिवासी शतकानुशतके उपासनेत वापरत आले. जर्मन औषधशास्त्रज्ञ आर्थर हेफ्टर याने १८९७ साली त्यातील निरनिराळी अल्कलॉइडे एकेक करून स्वतःवरच आजमावली आणि मेस्कॅलिनवर बोट ठेवले. रिओ ग्रांदे नदीकाठच्या शुमला नावाच्या गुहांमध्ये फार पूर्वी पेयोटचे काही नमुने सापडले होते आणि ते सॅन अँटोनिओच्या विटे संग्रहालयात पडून होते. कार्बनच्या साहाय्याने त्यांचे वय काढले तेव्हा ते सुमारे ५७०० वर्षे भरले. पुढे असे दिसून आले की ते नुसते वाळलेले शेंडे नसून वनस्पती कुटून, आकार देऊन बनवलेल्या वड्या आहेत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात या वड्यांमधून सुमारे २ टक्के अल्कलॉइडे निघाली आणि त्यांत मेस्कॅलिन स्पष्टपणे ओळखता आले. मोहेंजोदडोची पहिली वीट अजून भाजली जायची होती, तेव्हा कोणी तरी कुटून ठेवलेले औषध आमच्या काळापर्यंत औषध म्हणून शिल्लक राहिले!

याचे कारण रेणूच्या घडणीत आहे. मेस्कॅलिनचा रेणू लहान आणि साधा. त्याच्या कड्यावर तीन ऑक्सिजन आहेत, पण त्या तिघांवरही मिथिल गटाची टोपी घट्ट बसवलेली आहे. हवेतल्या प्राणवायूला झटापट करायला उघडी जागाच सापडत नाही. त्यात गुहा कोरडी ठणठणीत आणि अंधारी. म्हणजे घडण चांगली आणि सांभाळही चांगला. एकाच ठिकाणी दोन्ही लाभण्याचे भाग्य क्वचितच मिळते.

दुसरे द्रव्य सायलोसायबिन. हे भूछत्रांत असते. इथे निसर्गाने जी युक्ती केली आहे ती स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने चटकन कळेल. वांगे चिरून तसेच ठेवले की काळे पडते, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. चिरताना पेशी फुटतात, त्यांतली विकरे बाहेर येतात, आणि हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने उघड्या फिनॉलांचे रंगद्रव्य बनवतात. या भूछत्रांचेही तसेच आहे. ती दाबली, खुडली की निळी पडतात. सायलोसायबिनच्या ऑक्सिजनवर फॉस्फेटची टोपी असते. टोपी आहे तोवर ते शांत असते. इजा झाली की एक विकर ती टोपी उडवते, खाली उघडा पडतो तो सायलोसिन, आणि लगेच दुसरे विकर त्याचे प्राणवायूशी लग्न लावून निळे, एकमेकांत गुंतलेले रेणू तयार करते. हा सारा प्रकार जर्मनीतील येना येथील संशोधकांनी २०१९ साली उलगडला. गंमत अशी की मनावर परिणाम करतो तो सायलोसिनच. आपल्या शरीरातही फॉस्फेट निघाल्यावरच काम सुरू होते. म्हणजे जे टिकते ते स्वतः काम करत नाही आणि जे काम करते ते टिकत नाही. औषधरसायनात हा पेच पदोपदी भेटतो, पण इतका स्वच्छ फार थोड्या ठिकाणी.

बाझेलच्या सँडोझ प्रयोगशाळेतील आल्बेर्ट हॉफमन यांच्यापुढे १९५७ साली हाच प्रश्न उभा राहिला होता. रॉजे हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये वाढवून वाळवलेली मेक्सिकन भूछत्रे त्यांच्याकडे आली. प्राण्यांवर अर्क देऊन पाहिले, निष्कर्ष धूसर. मग शंका आली की पॅरिसमध्ये वाढलेल्या आणि वाळवलेल्या या भूछत्रांत मुळात काही शिल्लक तरी आहे का? माल मेलेला असेल तर महिनोन्‌महिने पृथक्करण करून काय साधणार? हॉफमन यांनी ३२ वाळकी भूछत्रे, वजनाने २.४ ग्रॅम, स्वतःच खाल्ली. माल जिवंत होता. १९५८ साली सायलोसायबिन शुद्ध स्वरूपात हाती आले ते त्यानंतर. साठवणीविषयीची शंका इतक्या थेट मार्गाने फेडून घेणारा दुसरा रसायनज्ञ मला ठाऊक नाही, आणि हा मार्ग कोणी अनुसरावा असेही मी म्हणणार नाही.

या कथेचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. १९६२ साली हॉफमन मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात, वाउत्ला दे हिमेनेझ या डोंगरी गावी गेले. तिथे मारिया साबिना ही माझातेक जमातीची वैदू स्त्री भूछत्रांच्या साहाय्याने रात्रभर पूजा मांडून रोग्यांना कौल देत असे. भूछत्रांचा हंगाम नव्हता. हॉफमन यांनी कृत्रिमरीत्या तयार केलेल्या सायलोसायबिनच्या गोळ्या तिला दिल्या. रात्र सरली आणि तिने निर्वाळा दिला की गोळ्यांत भूछत्रांचीच शक्ती आहे. निघताना हॉफमन यांनी तिला गोळ्यांची आणखी एक कुपी दिली, तेव्हा ती आनंदली. कशाने? आता भूछत्रे उगवत नाहीत त्या दिवसांतही आपण आलेल्या माणसाला कौल देऊ शकू, याने. या भेटीवर पुढे पुष्कळ वादविवाद झाले. पवित्र वस्तूची गोळी करणे योग्य का, पाश्चात्त्यांनी त्या गावाचे काय केले, हे प्रश्न खरेच आहेत आणि गंभीरही. पण त्या बाईने स्वतः काय ओळखले तेही पाहावे. दारात आलेल्या आजाऱ्याला ‘आता हंगाम नाही, पावसाळ्यात ये’ असे सांगावे लागण्याचे दुःख तिला ठाऊक होते. टिकणारे औषध म्हणजे काय, हे तिला कोणत्याही औषधनिर्माण महाविद्यालयात न जाता उमगले होते.

आता मुंगीकडे वळू. एलएसडी. हॉफमन यांनीच ते १६ नोव्हेंबर १९३८ रोजी प्रथम तयार केले. लायसर्जिक आम्लापासून बनवलेल्या मालिकेतील ते पंचविसावे, म्हणून एलएसडी-२५. पाच वर्षे ते फडताळात पडून राहिले. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ते पुन्हा बनवले आणि त्याचा मनावरचा प्रताप योगायोगाने ध्यानात आला. पुढची सायकलवरून घरी जाण्याची गोष्ट सर्वश्रुत आहे, ती इथे सांगत नाही. मला सांगायची आहे ती त्याच्या नाजुकपणाची गोष्ट.

एका ग्रॅमचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग एका माणसाला पुरतो, इतके हे द्रव्य जहाल. आणि इतके अल्प असल्यामुळेच इतके असहाय. पोतेभर साखरेतली मूठभर सांडली तर कोणाच्या लक्षात येत नाही. इथे मूळ पुंजीच डोळ्यांना न दिसणारी. नळाच्या पाण्यात असणारा क्लोरीनचा अंशसुद्धा एवढ्या मात्रेला पुरून उरतो. शिवाय रेणूत दोन दुखऱ्या जागा आहेत. पहिली अशी की अल्कधर्मी द्रावणात त्याचा एक हात इकडचा तिकडे वळतो. किल्ली तीच, फक्त दात उलट्या बाजूला. मग कुलूप उघडत नाही. दुसरी जागा अधिक घातकी. रेणूच्या मध्यभागी एक दुहेरी बंध आहे आणि तो शेजारच्या कड्याशी संधान बांधून आहे. ऊन पडले की या बंधात पाण्याचा किंवा अल्कोहोलचा रेणू शिरतो आणि बंध कायमचा मोडतो. हळदीचा डाग धुऊन जात नाही पण उन्हात वाळत घातला की उडतो, हे घराघरांत माहीत आहे. हळदीच्या रंगातही अशीच दुहेरी बंधांची साखळी असते आणि प्रकाश तिच्यावरच घाव घालतो. हळदीचा डाग उडाला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. या द्रव्याचा डागही दिसत नाही आणि उडालेलाही दिसत नाही.

न्यायवैद्यकाच्या लोकांना याचा जाच फार. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मूत्राच्या नमुन्यांतील एलएसडी निरनिराळ्या परिस्थितीत ठेवून पाहिले. अंधारात, २५ अंशांवर ते चार आठवडे जवळजवळ तसेच राहिले. ३७ अंशांवर ३० टक्क्यांपर्यंत आणि ४५ अंशांवर ४० टक्क्यांपर्यंत घटले. म्हणजे पुरावा कोर्टात पोचण्याआधी वाटेतच विरघळू शकतो. साक्षीदार फितूर होतो हे आपण ऐकले आहे. इथे साक्षीदार उन्हाने वितळतो.

आणि आता ती बहीण.

लायसर्जिक आम्ल मूळचे अरगटातले. राय नावाच्या धान्याच्या कणसात एक कवक शिरते आणि दाण्याच्या जागी काळसर, लांबट गाठ धरते; तिला अरगट म्हणतात. आपल्याकडे अथणी, विजापूर भागातल्या शेतकऱ्याला बाजरीवरचा अरगट ठाऊक असतो. आधी कणसातून मधासारखा चिकट स्राव गळतो, मग काळपट गाठी दिसतात. पेरणीपूर्वी बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात घालून वर तरंगणाऱ्या गाठी काढून टाकायच्या, असे कृषी खाते सांगत आले. १९५६-५७ साली तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात असली बाजरी खाऊन पुष्कळ लोकांना ओकाऱ्या, घेरी आणि गुंगी आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. बाजरीवरचे कवक मात्र वेगळ्या जातीचे. त्याची द्रव्ये या घराण्याच्या दूरच्या शाखेतली. युरोपातल्या रायच्या अरगटाने मध्ययुगात हजारो माणसांचे हातपाय सडवले, आणि त्याच अरगटाची चिमूट तिथल्या सुइणी बाळंतपणात वापरत. त्या चिमटीतला गुणकारी अंश लंडनमध्ये जॉन चॅसर मॉयर आणि हॅरल्ड डडली यांनी १९३५ साली वेगळा केला. तो अर्गोमेट्रिन. बाळंतिणीचे गर्भाशय आकसून रक्तस्राव थांबवणारे हे औषध लायसर्जिक आम्लाचेच अपत्य. त्यात किंचित फेरफार करून मिथिलअर्गोमेट्रिन केले तेही सँडोझमध्ये, श्टोल आणि हॉफमन यांनी. एलएसडी आणि मिथिलअर्गोमेट्रिन यांच्या रेणूंचे धड एकच आहे. शेपटी तेवढी निराळी. एक माणसाला चार भिंतींच्या पलीकडचे दाखवते, दुसरी मरणाच्या दारातून बाई परत आणते. आणि दुखऱ्या जागा दोघींच्या त्याच.

माझी मावशी अथणी तालुक्यातल्या एका खेड्यातील आरोग्य केंद्रात परिचारिका होती. गाव तिला नर्सबाई म्हणे, कन्नड बोलणारे आणि मराठी बोलणारे दोघेही. बेळगाव शहराला ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणतात ते शहरापुरते. जिल्ह्याच्या पूर्वेला उतरले की वैशाखात कौले फुटतील असे ऊन. केंद्रात वीज होती, ती बहुधा नसायची. शीतकपाट नव्हते. वरून येणारी औषधांची खोकी मोटारीच्या टपावरून येत आणि किती दिवस कुठे पडून आली हे कोणालाच सांगता येत नसे. मिथिलअर्गोमेट्रिनच्या कुप्या साध्या पारदर्शक काचेच्या असत. मावशी त्या काळ्या कागदात गुंडाळून, पत्र्याच्या डबीत घालून, ती डबी माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवी. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

१९७३ च्या मे महिन्यात तिच्या हाताखाली एक चोवीस-पंचवीस वर्षांची बाई बाळंत झाली. तिसरे मूल, सुखरूप. वार पडली आणि रक्त सुरू झाले. मावशीने इंजेक्शन दिले. काही फरक नाही. पोट चोळत राहिली, दुसरी कुपी दिली. फरक नाही. नव्या खोक्यातल्या कुप्या होत्या त्या, दोनच दिवसांपूर्वी आलेल्या. मुदत संपायला वर्ष होते. पाणी स्वच्छ, रंगहीन दिसत होते. गावात एकाची मालमोटार होती तिच्यात घालून तालुक्याला निघाले. पहाटेच्या सुमारास वाटेतच ती बाई गेली. मूल राहिले. पुढे चौकशी झाली ती मावशीची, खोक्याची नव्हे. तिच्यावर ठपका आला नाही, एवढेच. पण ‘मी दिले ते औषध होते की पाणी?’ हा प्रश्न तिच्या उशाशी राहिला.

त्या खोक्यातल्या उरलेल्यांपैकी तीन कुप्या तिने जपून ठेवल्या होत्या. १९८१ साली, मी महाविद्यालयात नुकताच अधिव्याख्याता झालो होतो तेव्हा, त्या तिने माझ्या हातावर ठेवल्या. ‘तुझ्याकडे यंत्रे आहेत, बघ,’ म्हणाली. यंत्रे कसली, एक जुना रंगमापी आणि अतिनील दिवा. अरगटाच्या द्रव्यांसाठी वापरायचा अभिकर्मक घातला, तर निळा रंग आला. नव्या कुपीहून फिका, पण आला. क्षणभर वाटले, औषध आहे. पण हा अभिकर्मक रेणूच्या ज्या कोपऱ्याशी बोलतो तो कोपरा प्रकाशाने मोडलेल्या रेणूतही शाबूत असतो. मेलेल्या माणसाचेही नाव तेच राहते, तसे. म्हणून दिव्याखाली धरले. जिवंत रेणू अतिनील प्रकाशात निळसर तेजाने उजळतो, कारण ते तेज त्याच दुहेरी बंधातून येते. नवी कुपी उजळली. मावशीच्या तिन्ही कुप्या जवळजवळ काळोख्याच राहिल्या.

म्हणजे त्या रात्री औषध मेलेले होते का? हे मात्र सांगता येत नव्हते. मधली आठ वर्षे त्या कुप्या डबीत होत्या. अंधारात, पण उष्म्यात. प्रकाशाने मेलेले कोणते आणि उष्म्याने मेलेले कोणते, हे वेगळे करण्याची साधने माझ्याजवळ नव्हती. मी मावशीला तसेच सांगितले. तिने मान हलवली आणि कुप्या परत मागितल्या.

पुढे १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेने उष्ण हवामानातील या औषधांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा मी तो अधाशासारखा वाचला. शीतकपाटात, अंधारात ठेवलेल्या अर्गोमेट्रिन आणि मिथिलअर्गोमेट्रिनच्या कुप्या वर्षाला चार-पाच टक्केच घटल्या. अंधारातच, पण ३० अंशांवर, वर्षाला पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपासपर्यंत. आणि प्रकाशात, आपल्या खोलीत सहज असते तेवढ्या २१ ते २५ अंशांवर, एका महिन्यात एकपंचमांश ते एकचतुर्थांश घट. वर्षअखेर नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीसे. कुपीतले पाणी पिवळट दिसले तर ती फेकावी हे खरे, पण पिवळी न दिसणारी कुपीही पोकळ असू शकते. मोटारीच्या टपावरचे ऊन या कोष्टकात बसणारे नव्हते. मावशीची माठाखालची वाळू मात्र बसत होती. तिच्या हाती आल्यावर औषध जगत होते. तिच्या हाती येण्यापूर्वी त्याचे काय होई, ते तिच्या अखत्यारीबाहेरचे होते. हे मी तिला वाचून दाखवले. ‘म्हणजे खोके येतानाच,’ एवढे म्हणून ती उठून आत गेली.

आता सायलोसायबिनच्या नव्या प्रयोगांत रोग्याला मोजून २५ मिलिग्रॅम शुद्ध, स्फटिकरूप द्रव्य दिले जाते, असे मी वाचतो. भूछत्रापेक्षा स्फटिक बरा. त्यात वांग्यासारखे काळे पडणे नाही. उद्या कधी कायद्याने वाट दिली आणि हे औषध आपल्याकडच्या रुग्णालयांत आले, तर त्याच्या परिणामांवर व्याख्याने झडतील. मला त्याचे खोके कोणत्या टपावरून येते हे पाहायचे असेल. मनाच्या आजारात तर हे अधिकच अवघड. रक्त थांबले नाही हे डोळ्यांना दिसते. निराशा हटली नाही तर औषध मेलेले होते की रोगी असाध्य होता, हे कोण ठरवणार? दोष बहुधा रोग्याच्याच माथी येईल.

रक्तस्रावाच्या बाबतीत मार्ग निघाला, आणि तो आमच्याच जिल्ह्यात आजमावला गेला याचा मला अभिमान आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत १६२० बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा प्रयोग झाला. अर्ध्या जणींना औषधाची गोळी, अर्ध्या जणींना तशीच दिसणारी बिनऔषधी. गोळ्या देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, मावशीसारख्याच गावोगावच्या परिचारिका होत्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढे २०१८ साली उष्णता सोसणाऱ्या कार्बेटोसिन या इंजेक्शनचा दहा देशांतील सुमारे ३० हजार स्त्रियांवरचा अभ्यास आला, त्यात भारतही होता. ते पाहायला मावशी नव्हती. गोळीची बातमी मात्र तिच्या कानावर गेली. मी अंक घेऊन तिच्याकडे गेलो. शहात्तर वर्षांची होती, डोळे अधू झाले होते, म्हणून मी कोष्टके तोंडी सांगत होतो. तिने मला मध्येच थांबवले.

‘फ्रीज लागतो का रे तिला?’

‘नाही लागत, मावशी.’

‘ऊन चालते?’

‘उन्हापेक्षा तिला ओल बाधते. दमट हवेत गोळी लवकर बिघडते. म्हणून दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या पत्रीत बंद करून देतात, आणि वेळ येईपर्यंत पत्री फोडायची नाही.’

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मग त्या पोरींना सांगितले पाहिजे, माठाजवळ ठेवू नका.’